२०० चा प्लॅन, वरच्या मजल्यावर ८ : राउटर बदलायचा की तार? (इंदूर)

रामबागकर

प्लॅन २०० एमबीपीएसचा, फायबर. घर रामबागेतले, अरुंद आणि आत लांब गेलेले, तीन मजली. तळमजला व पहिला मजला जुन्या विटा-चुन्याचा, भिंती दीड फुटाच्या. मधले छत लाकडी तुळया आणि फळ्यांचे, वर कोबा. दुसरा मजला नंतर चढवलेला, त्याच्या डोक्यावर आरसीसी स्लॅब. फायबर तळमजल्यावर पुढच्या खोलीत येते. तिथे कंपनीचा डबा आणि त्याला जोडलेला पाच वर्षांपूर्वीचा एसी१२०० (वायफाय ५) राउटर, ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींचा.

फोनवर मोजलेले आकडे, प्रत्येक जागी तीनदा घेतलेले:

राउटरपासून ६ फूट : ८८ ते ९२
पहिला मजला, मागची खोली : १८ ते २५
दुसरा मजला : ६ ते ८, रात्री ९ नंतर ३

कंपनीकडून माणूस येऊन गेला, लाइन ठीक आहे म्हणतो. बजेट ३५०० रुपये. वायफाय ६ चा चांगला राउटर घेतला तर वरपर्यंत स्पीड पोचेल का? कोणता घ्यावा?

तारजोड

राउटरचे नंतर पाहू. तुमच्या आकड्यांत सर्वांत बोलका आकडा ३ नाही, ९२ आहे.

१०० एमबीपीएसच्या लॅन जोडणीतून पॅकेटचा वरखर्च वजा जाता हातात ९४-९५ पडतात. त्याहून जास्त कधीच नाही. २०० च्या लाइनवर राउटरच्या शेजारी बसून ९२ दिसतात आणि ते वरखाली होत नाहीत, याचा अर्थ डब्यापासून राउटरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी १०० चा दरवाजा आहे. वायफायमुळे अडले असते तर आकडा ७० ते १८० असा हलला असता.

दरवाजा तीन जागी असू शकतो. डब्याचे पोर्ट : बऱ्याच डब्यांत लॅन १ गिगाबिट असते आणि बाकीची पोर्टे १०० ची, त्यामुळे तार लॅन २ मध्ये खोचली की अर्धा प्लॅन गेला. राउटरचे वॅन (बाहेरून नेट घेणारे) पोर्ट : एसी१२०० लिहिलेल्या कित्येक राउटरांची पोर्टे १०० चीच असतात. तिसरी, आणि बहुतेक वेळा खरी जागा, म्हणजे मधली हातभर जोडतार, पॅच कॉर्ड.

लॅपटॉप घ्या, त्याचे वायफाय बंद करा, लॅनची तार थेट डब्याच्या लॅन १ मध्ये लावा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे खाली लिंक स्पीड लिहिलेला असतो : १०००/१००० आहे की १००/१०० ते आधी कळवा. डबा ब्रिज मोडमध्ये असेल, म्हणजे लॉगिन राउटर करत असेल, तर लॅपटॉपवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डची) जोडणी तयार करून राउटरमधलेच युजरनेम-पासवर्ड घाला. तरीही नेट लागले नाही तर कंपनीने राउटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवलेला असतो. डबा ५ मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावा, नाहीतर फोन करून मॅक मोकळा करून घ्या.

राउटरचे मॉडेलही सांगा. टीपी-लिंकचेच उदाहरण घ्या : आर्चर सी५० आणि आर्चर सी६ दोन्ही एसी१२०० म्हणून विकले जातात, पण सी५० ची पोर्टे १०० ची आणि सी६ ची गिगाबिट. खोक्यावरचा मोठा आकडा वायफायचा असतो, पोर्टांचा नव्हे.

विजयनगर_फ्लॅट

एक जोड. स्पीड टेस्टमधला एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, डाउनलोडच्या खिडकीत दिसतो तो मेगाबाइट, दोन्हींत ८ ची पट. १०० च्या लाइनवर फाइल १२ मेगाबाइटच्या आसपास वेगाने उतरत असेल तर लाइन पूर्ण मिळते आहे. इथे अर्ध्या तक्रारी याच गोंधळातून येतात.

रामबागकर

तारजोड, सांगितल्याप्रमाणे केले. राउटर आर्चर सी६ आहे. डबा ब्रिज मोडमध्ये, तार लॅन १ मध्येच होती.

जुनी पॅच कॉर्ड, डबा ते लॅपटॉप : लिंक १००/१००, स्पीड ९४
नवी पॅच कॉर्ड, तेच पोर्ट : लिंक १०००/१०००, स्पीड २०३ खाली, १९८ वर

नवी तार राउटरला लावली. आता ६ फुटांवर फोनला १९० ते २००. पहिल्या मजल्यावर मागे २२, दुसऱ्या मजल्यावर ७. तिथे काहीच फरक नाही.

तारजोड

छान. तार बाहेरून धडधाकट आणि आतून लंगडी, हे फार होते. कारण समजून घेतले तर पुढे कामाला येईल. लॅनच्या तारेत चार जोड्या. १०० ची जोडणी फक्त दोनच वापरते, कनेक्टरच्या १-२ आणि ३-६ या पिना, रंगाने नारिंगी आणि हिरवी जोडी. १००० ला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली, किंवा क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर दाबून बसवणे) करताना तिचे टोक कनेक्टरच्या तळापर्यंत पोचले नाही, तर दोन्हीकडची यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात. नेट चालूच राहते, दिवा लागलेलाच राहतो, कुणाला संशय येत नाही.

स्वतः क्रिंपिंग करणार असाल तर दोन्ही टोकांना एकच क्रम : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिटी खाली, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे, मोजणी डावीकडून. जोडीचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही, आणि बाहेरचे वेष्टण कनेक्टरच्या आत दाबले गेलेच पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत ओढ तारांवर येते.

आता वरच्या मजल्याचे. तो प्रश्न पूर्ण वेगळा, तिथे तरंग यांनी बोलावे.

तरंग

रामबागकर, आधी सिग्नल मोजा, स्पीड नको. अँड्रॉइडवर वायफायमॅन किंवा कुठलेही वायफाय अ‍ॅनालायझर घ्या आणि प्रत्येक खोलीत दोन्ही बँडचे डीबीएम (सिग्नलची ताकद) लिहून काढा. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत निर्धास्त, उणे ७० काठावर, उणे ७५ च्या पुढे व्हिडिओ कॉल तुटणारच. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, म्हणून उणे ६५ आणि उणे ७४ मधला फरक दिसतो त्याहून खूप मोठा, आठपट.

दीड फुटी विटा-चुन्याची भिंत ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ खाऊन टाकते. २.४ तिच्यातून पलीकडे जातो, पण त्याची पोटातली जागाच लहान : २० मेगाहर्ट्झ रुंदी, दोन अँटेना, वायफाय ४ असेल तर लिंक १४४ आणि प्रत्यक्षात फार तर ७०-९०. तेही राउटरच्या समोर. तुमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर फोन बहुधा २.४ वर उणे ८० च्या आसपास लोंबकळतो आहे.

रात्री ३ का होते तेही पाहू. रात्री ९ ते ११ मध्ये लॅपटॉप तारेने राउटरला लावून मोजा. तारेवरही पडत असेल तर गर्दी कंपनीच्या बाजूला, घरात काही करून उपयोग नाही. तारेवर पूर्ण मिळत असेल तर शेजाऱ्यांचे वायफाय.

रामबागकर

रात्री ९:४० ला तारेवर १९४.

डीबीएम, आधी ५ गिगाहर्ट्झ मग २.४ :
पहिला मजला, मागची खोली : -८४, -६८
दुसरा मजला, पुढे : -८८, -७९
दुसरा मजला, मागे : ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, -८१

२.४ वर शेजारची १९ नेटवर्क दिसतात. आपला राउटर चॅनल ३ वर, ऑटो, रुंदी ४०.

तरंग

म्हणजे कंपनी निर्दोष, रात्रीची गर्दी गल्लीतली.

चॅनल ३ सर्वांत वाईट निवड. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनल, १, ६ आणि ११. सहावर आणखी पाच राउटर असले तरी सहावरच बसा. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचे बोलणे ऐकून पाळीपाळीने बोलतात. ३ वर बसलेला राउटर १ वाल्यांनाही कळत नाही आणि ६ वाल्यांनाही, दोघांच्या बोलण्यात नुसता आवाज मिसळतो आणि सगळ्यांचीच पॅकेटे पुन्हा पाठवावी लागतात. रुंदी ४० ठेवली तर तीनपैकी दोन चॅनल एकट्याने अडवता. रुंदी २० करा, ऑटो काढा, तिन्हींपैकी जिथे बाहेरचे सिग्नल सर्वांत कमजोर तिथे बसा.

५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८०, चॅनल ३६ किंवा १४९ पासूनचा गट. ५२ ते १४४ मधले चॅनल रडारशी वाटून घेतलेले आहेत. राउटर तिथे बसण्याआधी किमान एक मिनिट नुसता ऐकतो, आणि रडारचा भास झाला तरी चॅनल सोडून पळतो. घरात मधूनच सगळ्यांचे वायफाय दोन मिनिटे जाते आणि येते, त्याचे एक कारण हे.

इतके करून दुसरा मजला ८ चा १५-२० होईल. २०० होणार नाही. वायफाय ६ चा राउटर त्याच जागी ठेवलात तरी नाही. राउटरची प्रसारणशक्ती नियमाने बांधलेली आहे, आणि ती वाढवली तरी फोनची वाढत नाही. फोनला परत उत्तर द्यायचे असते, आणि दीड फुटी भिंतीतून ओरडायची त्याची ताकद राउटरहून कमी. चार अँटेनांचा, आठ अँटेनांचा राउटर घेऊन निराश होणाऱ्यांचे मूळ इथे असते.

पलासियाताई

मग मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, का नको? दोन डब्यांचा संच घ्यायचा, एक खाली, एक जिन्यात. तार ओढावी लागत नाही. जुन्या घरात भिंत फोडायला घरचे तयार नसतात हेही बघा.

तरंग

ताई, मेशला माझा विरोध नाही, बिनतारी मेशला आहे, आणि तोही या घरापुरता. जिन्यातल्या डब्याला खालून जो सिग्नल मिळेल त्याहून जास्त तो वर देऊ शकत नाही. दोन बँडच्या संचात तोच ५ गिगाहर्ट्झ रेडिओ खालून घेतो आणि वर देतो, म्हणजे वेळ अर्धा-अर्धा वाटला जातो. खालून १२० आले तर वर ५०-६०. साध्या रिपीटरचेही हेच. तीन बँडचा संच हे टाळतो, पण तो ३५०० मध्ये बसत नाही.

तार ओढता येत नसेल तिथे बिनतारी मेश जरूर घ्यावा, मात्र दुसरा डबा जिथे रेंज नाही तिथे ठेवू नये, जिथे उणे ६० ते ६५ आहे तिथे ठेवावा. लोक तो थेट अंधाऱ्या खोलीत ठेवतात आणि मेशला नावे ठेवतात.

तारजोड

भिंत फोडायची गरज पडत नाही. जिन्याच्या कडेने पीव्हीसी पट्टी मारा, किंवा बाहेरच्या भिंतीवरून पाण्याच्या नळीलगत वर न्या. बाहेरून नेताना काळ्या वेष्टणाची बाहेरची तारच घ्या. घरातल्या राखाडी तारेचे वेष्टण इंदूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत तडकते, पहिल्या पावसात पाणी आत शिरते आणि केशाकर्षणाने थेट राउटरच्या पोर्टापर्यंत येते. घरात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोल द्या, पाणी तिथेच गळते.

विजेच्या पायपातून लॅन ओढू नका. २३० व्होल्टशी अंतर चार बोटे तरी हवे.

कॅट ५ई पुरेशी, १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनतक्रार. कॅट ६ घेतली तर बिघडत नाही, पण तिचे कनेक्टर वेगळे लागतात, ५ई चे बसवले तर जाड तारा आत जात नाहीत.

मल्हारगंज

जेल रोडवर तार सुटी मीटरवर मिळते. मागताना पूर्ण तांब्याची म्हणून मागा आणि दुकानातच टोक सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. ती स्वस्त पडते, हातात घेतली की हलकी लागते, दोन-तीनदा वाकवली की मोडते. १० मीटरला चालून जाते. ४० मीटरला लिंक १०० वर उतरू शकते, आणि तारेतूनच वीज देऊन कॅमेरा चालवायचा असेल तर ती तापते. तिथे ती नकोच.

कनेक्टर दोन लागतील तर सहा घ्या. पहिले दोन बिघडतातच.

सुदामानगर

मध्येच विचारतो. प्लॅन १००, तारेवरही कधी ९५, कधी २०, दिवसातून चार-पाचदा नेट पूर्ण जाते. लॉसचा (प्रकाश पोचत नसल्याचा) लाल दिवा तेव्हा लुकलुकतो. डब्याच्या सेटिंगच्या पानावर रिसीव्ह पॉवर (पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) -२८.४ दिसते. हे ठीक आहे का?

स्प्लायसर

ठीक नाही. घरगुती फायबरच्या डब्याची ऐकण्याची मर्यादा साधारण उणे २७ ला संपते. तुमचा डबा मर्यादेखाली कसाबसा तग धरून आहे. उन्हाने, वाऱ्याने तार जराशी हलली की लाल दिवा. उणे १५ ते उणे २४ मध्ये असावा. उणे ८ च्या वर गेला तर उलटा त्रास, प्रकाश जास्त होऊन डोळे दिपतात.

कंपनीला फोन करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका, "रिसीव्ह पॉवर -२८.४ आहे, लाइन तपासा" म्हणा. पहिल्या वाक्याला राउटर बंद-चालू करा असे उत्तर येते. दुसऱ्याला लाइनमन येतो. पानाचा फोटो काढून ठेवा.

तो येण्याआधी घरात बघण्यासारखे इतकेच. पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड कुठे कपाटाच्या दारात चेमटली आहे का, खिळ्याला गुंडाळली आहे का. वळणाची त्रिज्या ३ सेंटिमीटरहून कमी नसावी, सुपारीएवढी गुंडाळी केली की प्रकाश बाहेर सांडतो. डब्याला जाणारा कनेक्टर हिरवा आणि पोर्टही हिरवे हवे. निळा कनेक्टर हिरव्यात घुसतो, पण टोकाचा कोन जुळत नाही आणि काही डेसिबल तिथेच जातात. कनेक्टर काढलाच तर टोकाला बोट लावू नका, टोकात डोळा घालून बघू नका. आत १४९० नॅनोमीटरचा प्रकाश आहे, दिसत नाही पण असतो.

बहुतेक वेळा दोष खांबावरच्या पेटीत निघतो. आठ घरांचा स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा भाग) १० डेसिबलच्या आसपास घेतो, त्याच्यापुढे कुणी आणखी एक स्प्लिटर लावून जोडण्या वाढवल्या की शेवटच्या घराला -२८. किंवा वाटेतला जोड वितळवून न करता हाताच्या कनेक्टरने केलेला आणि धुळीने भरलेला. वितळवलेला जोड ०.१ डेसिबलही घेत नाही, हाताचा चांगला बसला तर अर्धा घेतो, वाईट बसला तर दोन-तीन.

सुदामानगर

कपाटामागे कॉर्ड दबलेली होती, मोकळी केल्यावर -२५.९. लाल दिवा गेला.

स्प्लायसर

तरी फोन कराच. -२५.९ ला पावसाळ्यासाठी काही शिल्लक राहत नाही. -२२ पर्यंत आणून मागा.

पलासियाताई

माझा प्रश्न स्पीडचा नाही. प्लॅन ५०, टेस्टमध्ये ५० मिळतात, राउटर त्याच खोलीत, डीबीएम -४२. तरी ऑनलाइन वर्गात आवाज तुटतो. रोज नाही, पण संध्याकाळी हमखास.

तारजोड

वर्ग चालू नसताना आणि तुटत असताना, दोन्ही वेळी पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) बघा. विंडोजच्या काळ्या खिडकीत पिंग लिहून पुढे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या पत्त्याला. राउटरचे उत्तर ५ मिलिसेकंदांच्या आत येत असेल आणि ८.८.८.८ चे ३००-४०० वर जात असेल तर वायफाय चांगले आहे, राउटरच्या पुढे रांग लागली आहे.

घरात कॅमेरे आहेत का, आणि फोनचे फोटो आपोआप वर चढतात का?

पलासियाताई

राउटर २ मिलिसेकंद. ८.८.८.८ एरवी २५, तुटते तेव्हा ४१०. कॅमेरे चार, क्लाउडवर. फोटोही संध्याकाळी घरी आल्यावर चढतात.

तारजोड

मिळाले. वर जाणारा रस्ता भरतो आहे. चार कॅमेरे २ एमबीपीएसने धरले तरी ८ कायमचे गेले, त्यावर फोनचे फोटो उरलेली सगळी वाट घेतात. पॅकेटे टाकून देण्याऐवजी राउटर आणि डबा त्यांना रांगेत उभे करून ठेवतात. वर्गातल्या आवाजाचे चिमूटभर पॅकेट त्या रांगेच्या शेवटी. त्याला लागतो जेमतेम १०० किलोबिटचा वाटा, पण वेळेवर लागतो.

५० चा १०० केल्याने त्रास कमी होईल, जाणार नाही. फोटो १०० च्या वाटेलाही भरतात.

फुकटचा उपाय : कॅमेऱ्यांची नोंद हालचाल झाल्यावरच करायला लावा, फोटो रात्री २ नंतर चढवा. पक्का उपाय : राउटरमध्ये रांग आवरण्याची सोय. सेटिंगमध्ये एसक्यूएम नावाने असते, ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर केक नावाची पद्धत निवडता येते. तिथे वरचा आणि खालचा वेग प्रत्यक्ष मोजलेल्याच्या ९० टक्के भरायचा, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि राउटर ती शहाणपणाने हलवतो. तुमच्याकडे ४५. साधे क्यूओएस (कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर वर्गाच्या लॅपटॉपला पहिला मान आणि कॅमेऱ्यांना वरची मर्यादा.

उलट बाजूही सांगतो. जलद लाइनवर, ३०० किंवा ५०० च्या, हेच क्यूओएस चालू ठेवले की स्वस्त राउटर दमतो. एरवी पॅकेटे हलवायला त्यात वेगळी चिप असते. क्यूओएस किंवा पालक-नियंत्रण सुरू केले की सगळे काम मुख्य प्रोसेसरवर येते आणि ५०० चे २५० होतात. ज्यांनी कधीतरी चालू करून विसरले असेल त्यांनी आधी तेच बघावे.

रामबागकर

तार ओढायचे घरी ठरले. जिन्याच्या कडेने, मोजून ३२ मीटर. आता वर काय लावू? आणि मग नवा राउटर घेऊच नको का?

तरंग

३२ मोजले तर ४० घ्या. दोन्ही टोकांना हात-दोन हात गुंडाळी ठेवावी, पुढे जागा बदलली तर जोड मारावा लागत नाही.

तुमचा सी६ वरच्या मजल्यावर तारेतून आलेले नेट वायफायने पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून उत्तम चालेल आणि नवा राउटर खाली बसेल. वर नवा ठेवून खाली जुना, असेही चालते. जिथे जास्त माणसे बसतात तिथे नवा.

जुन्याचा अ‍ॅक्सेस पॉइंट करताना सेटिंगमध्ये ऑपरेशन मोड असेल तर तोच निवडा, काम संपले. नसेल तर हाताने : तार लावण्याआधी त्याचा लॅन पत्ता बदला, मुख्य राउटर १९२.१६८.०.१ असेल तर याला १९२.१६८.०.२. मग डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) बंद. मग खालून आलेली तार त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये नाही. हा क्रम चुकला तर घरात दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि निम्म्या फोनना नेट लागत नाही.

वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे एकच, चॅनल वेगळे : खाली २.४ ला १ आणि ५ ला ३६, वर ११ आणि १४९. सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए२/३ मिश्र. जुन्या राउटरमध्ये टीकेआयपी ही जुनी सुरक्षा राहून गेली असेल तर लिंक ५४ च्या वर जातच नाही, तेवढे बघा.

फोन जिना चढताना खालच्या राउटरला चिकटून बसत असेल तर खालची प्रसारणशक्ती मध्यमवर आणा. शक्ती कमी करून वायफाय सुधारते हे ऐकायला विचित्र वाटेल, पण दोन राउटर असले की हेच करावे लागते.

वरचा डबा दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या त्या खोलीच्या बरोबर डोक्यावर, जमिनीपासून फूटभर उंच लावा. एरवी उंच लावा म्हणतो, इथे नाही. मध्ये लाकूड आणि कोबा आहे, लोखंडी सळ्यांची जाळी नाही, ५ गिगाहर्ट्झ खाली उतरेल. अँटेना उभी असली की सिग्नल आडवा पसरतो, म्हणून एक अँटेना आडवी पाडा, ती खालीवर देईल. गोदरेजचे कपाट, आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्या आड नको.

विजयनगर_फ्लॅट

३५०० मध्ये घेण्यासारख्याचे सांगतो. एएक्स१५०० किंवा एएक्स१८०० (एएक्स म्हणजे वायफाय ६), चारही पोर्टे गिगाबिट. एएक्स१५०० म्हणजे २.४ वर ३०० अधिक ५ वर १२०१. १८०० मध्ये पहिला आकडा ५७४ होतो, तोही ४० रुंदीवर, आणि ती रुंदी आपण वापरणारच नाही. म्हणून २०० च्या प्लॅनला १५०० आणि १८०० मध्ये फरक नाही. एएक्स३००० चा २४०२ हा आकडा १६० रुंदीवर मिळतो. फोनला १६० येत नसेल तर तो ३००० वाल्यावरही १२०१ नेच जोडला जातो. १२०१ लिंकवर जवळून प्रत्यक्ष ७००-८०० मिळतात, प्लॅनच्या कितीतरी वर.

वायफाय ६ चा खरा फायदा वेगाचा नाही, गर्दीचा. पंधरा-वीस उपकरणे एकदम बोलत असतील तर वाटप नीट होते. दोन फोन आणि एक टीव्ही असलेल्या घरात जुना गिगाबिट पोर्टांचा एसी१२०० पुष्कळ आहे.

वायफाय ७ आणि ६ई साठी आता जास्त पैसे घालू नये. त्यांची खरी मजा ६ गिगाहर्ट्झमध्ये. तिथल्या खालच्या ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा आपल्याकडे मे २०२५ मध्ये निघाला. आणि ६ गिगाहर्ट्झ तुमच्या भिंतीतून ५ हूनही कमी जाईल.

एक मात्र तपासा : कंपनीच्या डब्यातच वायफाय असेल आणि तो चालू असेल तर बंद करा. शेजारीशेजारी दोन राउटर एकमेकांवर बोलतात.

मल्हारगंज

विजेचे कुणी बोलले नाही. वायफाय मधूनच जाते, राउटर आपोआप रीस्टार्ट होतो, तेव्हा आधी अडॅप्टर बदला. १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलेला जुना अडॅप्टर भार आला की १० वर येतो. व्होल्ट तोच हवा, अँपिअर लिहिलेल्याइतके किंवा जास्त, पिनेची जाडी आणि आत-बाहेरची धन-ऋण दिशा जुळवा.

इन्व्हर्टरवर राउटर असूनही वीज गेली की नेट जात असेल तर इन्व्हर्टरच्या मागचा खटका यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडवर बदलाला लागणारा क्षण राउटरला झेपत नाही. किंवा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, दोन तोंडांचा : एक डब्याला, एक राउटरला. फक्त राउटरला लावून उपयोग नाही, डबा बंद तर नेट बंद. दोघांचे अँपिअर बेरजेने धरा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गडगडाट असेल तर अडॅप्टर काढा. ज्यांच्याकडे खांबावरून फायबर न येता लॅनचीच तार गच्चीवरून येते त्यांनी तीही काढावी, कारण राउटर बहुतेकदा त्याच तारेतून जळतो. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण तिला आधाराला बांधलेली पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापलेली असावी, डब्यापर्यंत आत आणलेली नको.

रामबागकर

तार ओढली, ४० मीटर पूर्ण तांब्याची. पहिल्या क्रिंपिंगला लिंक १०० आली, तपकिरी जोडी आत पोचली नव्हती. दुसऱ्या वेळी १०००. खाली नवा एएक्स१५००, वर सी६.

दुसरा मजला, मागे : ५ गिगाहर्ट्झ -४६, स्पीड १९६
दुसरा मजला, पुढे : -६३, १७०
पहिला मजला, मागची खोली : -५९, १८५
रात्री ९:३० ला दुसऱ्या मजल्यावर १९१

पहिल्या मजल्याच्या पुढच्या खोलीत फोन अजून खालच्या राउटरला धरून राहतो, -७२, स्पीड ६०. खालची शक्ती मध्यमवर आणली आहे.

तरंग

खालच्याची ५ गिगाहर्ट्झची शक्ती मध्यमच राहू द्या, फक्त २.४ ची कमीवर आणा. फोन बहुधा २.४ ला धरून बसला आहे, -७२ आणि ६० हा त्याचाच जोडा दिसतो. तरी सुटला नाही तर वरची दुसरी अँटेना पुढच्या खोलीच्या दिशेने ४५ अंशांवर कलवा आणि पुन्हा मोजा.